पितळी टोप्या आणि पिवळा दिवा

मित्रहो, आमच्या गाडीला आठ दिवसांपासून कावीळ झाली होती. डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा पिवळा दिवा काही केल्या विझेना.

मुलगी याच गाडीने निगडीहून चाकणला कंपनीत जाते. तिने विचारलं, "बाबा, दाखवून आणू का?" मी निर्वाळा दिला, "सेन्सरला भ्रम झालाय. ते सगळं मिथ्या आहे. चालव बिनधास्त."

आज तिला सुट्टी, म्हणून गाडी घेऊन सलीमभाईंच्या टायरच्या दुकानात गेलो. त्यांनी व्हॉल्व्हची टोपी फिरवली आणि टोपीसकट व्हॉल्व्हच तुटून हातात आला. हवा फुस्स!

"साहेब, या पितळी टोप्या कुणी बसवल्या?"

"मीच. शोभेला."

"व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमचा आहे. पितळ लागलं की सडतो. सेन्सर त्यालाच असतो. हवा खरंच जात होती, राव!"

"म्हणजे संसर्गदोष," मी म्हणालो.

"दोष टोपीला कशाला देता? टोपी तुम्हीच घातली ना?"

चारही व्हॉल्व्ह बदलले, दिवा विझला. तुमच्याही चाकांना अशी शोभा असेल तर आजच उतरवा.

आठ दिवस मुलगी कंटेनरांच्या गर्दीतून त्या चाकांवर गेली, केवळ मी ठामपणे सांगितलं म्हणून.