पालीच्या चिखलातली घुबडं

रुकसाना गेल्याला अडीच महिने झाले होते, तेव्हा तिचा फोन वाजला. मुनव्वर बीडमधल्या आपल्या गॅरेजात एका ट्रकचा रेडिएटर उघडून बसला होता. तिचा फोन त्याच्याच खिशात असायचा. बंद करायचं राहून गेलं होतं.

"म्याडम, बद्रीनाथ बोलतोय, पालीहून. घुबडं आलीत बघा! तीन दिसली."

"मी मिस्टर बोलतोय त्यांचे."

"बरं, बरं. सांगा त्यान्ला. अन् या आयतवारी."

"येतो," मुनव्वर म्हणाला. सांगायचं ते तोंडातून निघालंच नाही.

रुकसाना उर्दू शाळेत भूगोल शिकवायची. आठ वर्षांपूर्वी मुलींची सहल घेऊन ती बिंदुसरेच्या धरणावर गेली, तिथं तिनं चक्रवाकांची जोडी पाहिली आणि तिला नादच लागला. दुर्बीण आली, वही आली. मग हिवाळ्यात दर रविवारी मुनव्वर तिला स्कूटरवर पालीला न्यायचा. धरणाचं पाणी मागं हटलं की बद्रीनाथच्या रानाला लागून चिखल उघडा पडे, कडेनं कंबरभर गवत. ती तिथं उभी राही. मुनव्वर बांधावर पाण्याकडं पाठ करून मोबाइलवर क्रिकेट बघत बसे. बायको घुबडं बघायला जाते म्हणून त्याच्या बहिणीनं नावं ठेवली, तेव्हा तो गप्प बसला होता.

सप्टेंबरात ती वर्गातच कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुनव्वरनं दफन केलं, चाळिसावा केला, आलेल्यागेलेल्याला चहा दिला. डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणाले, काय सबर आहे माणसाला! ती सबर नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. आत काही हलतच नव्हतं.

रविवारी तो दुर्बीण घेऊन गेला. बद्रीनाथ बांधावर वाट बघत होता. त्यानं स्कूटरच्या मागं पाहिलं.

"म्याडम कुठंयत?"

"वारल्या. सप्टेंबरात. हार्ट अटॅक."

बद्रीनाथनं टोपी काढली आणि तो खालीच बसला. "कावून सांगितलं न्हाई ओ फोनवर?"

"जमलं नाही."

म्हातारा उपरण्यानं डोळे पुसू लागला. मुनव्वर त्याच्याकडं बघत उभा राहिला. आपल्यालाही काही होतंय का, ते चाचपत राहिला. काही नव्हतं.

दिवस मावळायला आला. मुनव्वरनं दुर्बीण डोळ्यांना लावली तर सगळं धूसर. बद्रीनाथ म्हणाला, "म्याडमच्या नजरंचं हाय ते. ती चकरी फिरवा." चकरी फिरवल्यावर चिखलात धावणारी तुतारी पाखरं दिसली, शेपटी नाचवणारे पिवळे धोबी पक्षी दिसले. गवतावरून एक भोवत्या, शिकारी पक्षी, पंख ताणून सावकाश गेला. मग त्याच गवतातून एक घुबड उठलं. आवाज नाही. चेहरा गोल, डोळे पिवळे. ते दोनदा वळलं आणि खाली बसलं.

मुनव्वरला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. त्यानं फक्त पाहिलं.

"ह्ये गवत तीन वर्षं न्हाई कापलं," बद्रीनाथ म्हणाला. "म्याडमनी सांगितलं होतं, घुबडं जमिनीवर बसत्यात, गवत गेलं की ती गेली. घरचे म्हणत्यात, जनावराला घालू. आता काय करू?"

"राहू द्या."

"मग तुमी येत जावा. कुणी तरी बघाय पायजे."

तो येत राहिला. डिसेंबर, जानेवारी. तिच्याच वहीत, तिच्या अक्षराखाली, तारीख घालून आकडे लिहायचा: घुबडं तीन, घुबडं दोन. घरी येऊन खिचडी टाकायचा. लेक शाईस्ता पुण्याहून फोन करायची, "अब्बा, ठीक हो?" तो हो म्हणायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बद्रीनाथ मोटार बंद करायला विहिरीकडं गेला होता. मुनव्वर एकटाच बांधावर बसला होता. एक घुबड उडत आलं आणि त्याच्यापासून चार पावलांवर दगडावर टेकलं. पायात उंदीर होता. त्यानं मान फिरवून मुनव्वरकडं रोखून पाहिलं.

मुनव्वरनं हलकेच डावीकडं हात नेला, रुकसानाच्या कोपराला धक्का द्यायला.

हात गवताला लागला. घुबड उडून गेलं. त्याच्या घशातून कसलासा आवाज निघाला, तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. बद्रीनाथ परत आला, त्यानं एकदा पाहिलं आणि तो थोडं अंतर सोडून बसला. चिखलावर अंधार पडेपर्यंत दोघं तसेच बसून होते.

"निघतो," शेवटी मुनव्वर म्हणाला.

"सावकाश जावा. हायवेला ट्रकं लई हायेत."

त्यानं स्कूटरला किक मारली.