अण्णांची दोन सडांची शेळी

डॉ. चन्नाप्पा अण्णांची आणि माझी पहिली भेट माझ्या शाहूपुरीतल्या लोकरीच्या दुकानात झाली. या दुकानात पुरुष आला तर बहुधा बायकोची पिशवी धरून उभा असतो. अण्णा एकटेच आले, चपला बाहेर काढल्या आणि म्हणाले, "शेळी करायची हाय. काय काय लागतंय?"

"पावणं, हे लोकरीचं दुकान हाय."

"म्हणून तर आलोय की!"

नेसरीच्या पंचक्रोशीत चाळीस वर्षे गुरांवर उपचार करणाऱ्या या पशुवैद्यांची कीर्ती मला तेव्हा ठाऊक नव्हती. त्यांनी किती अडलेल्या म्हशी सोडवल्या, हे अण्णांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात इतर मान्यवर सांगतील. मला सांगायचे आहे ते त्यांच्या हातून न वाचलेल्या एका शेळीविषयी.

ती त्यांच्या सहा वर्षांच्या नातीची, गिरिजाची, लाडकी चिंगी. अण्णा शेजारच्या गावी म्हैस बघायला गेले असताना चिंगीने धान्याच्या पोत्यात तोंड घातले. ते परतेपर्यंत पोट फुगून ती गेली होती. गिरिजा म्हणाली, "अज्जा, गावाच्या म्हशी बऱ्या करतासा, माझी शेळी तेवढी मेली." आणि तिने बोलणेच सोडले. अण्णांनी नवी शेळी आणली, तर पोरीने तिच्याकडे पाहिलेही नाही. तेवढ्यात कुणाच्या तरी घरी त्यांना क्रोशाने विणलेला ससा दिसला आणि त्यांनी कोल्हापूरची एस.टी. पकडली.

म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवे रेडकू सरळ करणाऱ्या त्या हातात क्रोशाची सुई काही ठरेना. पहिली साखळी त्यांनी इतकी आवळली, की सुई परत आत शिरेना.

"अण्णा, जरा सैल सोडा."

"सैल सोडलं की लाथ बसतीया, अक्का. चाळीस वर्षांची सवय हाय."

दर मंगळवारी ते येत. त्यांची शिस्त अशी, की मी हौसेने शेळीच्या कासेला चार सड विणून दाखवले, ते त्यांनी तिथल्या तिथे उसवले. "शेळीला दोनच असत्यात. चार म्हशीला." दुकानातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. चिंगीचा डावा कान कुंपणात फाटला होता, म्हणून तो कान तीनदा विणून तीनदा उसवला. शेवटी मी पोटात कापूस भरू लागले, तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला. "लई भरू नका. पोट फुगलेली शेळी मी घरी न्हेणार न्हाय." त्या वेळी कुणीच हसले नाही.

पुढच्या मंगळवारी ते आले ते सांगतच. गिरिजाने शेळी उलटीसुलटी केली, कान तपासला आणि म्हणाली, "अज्जा, हिला पोत्याजवळ बांधू नका." तेवढे सांगून अण्णांनी चष्मा काढला आणि हाताला लागलेल्या माझ्या लोकरीच्या गुंड्याने पुसू लागले. मीही गुंडा मागितला नाही.

त्यांचा चांगुलपणा मी स्वतः अनुभवला आहे. आईचे हाड मोडले तेव्हा चार दिवस अण्णांनी माझे दुकान सांभाळले. सुनेच्या होणाऱ्या बाळासाठी लोकर घ्यायला आलेल्या बाईंना त्यांनी गंभीरपणे विचारले, "कितव्या महिन्याची गाभण हाय?" त्या बाई आजही माझ्याकडेच लोकर घेतात, आणि आधी अण्णांची चौकशी करतात.

सध्या गिरिजाच्या फर्मानावरून अण्णांनी हत्ती विणायला घेतला आहे, आणि तोही तिला बसता येईल एवढा. वर्षभरात एक पाय झाला. मी म्हटले, "अण्णा, पंच्याहत्तरीत एवढं मोठं जनावर?"

"घाई कुणाला हाय?" ते म्हणाले.

तीन पाय, धड, दोन कान, शेपूट आणि सोंड अजून बाकी आहे. अण्णांची नजर तोवर स्वच्छ राहो, बोटे अशीच चालोत, आणि सोंड तर त्यांनी निदान पाच वेळा उसवावी, हीच आम्हा सर्वांची मनापासून इच्छा.