नाकवाल्या मावशी

प्रसूती कक्षातल्या आयाबाईंना सगळे ‘नाकवाल्या मावशी’ म्हणायचे. नाक दिसायला साधंच होतं, पण त्याला जे कळायचं ते आमच्या थर्मामीटरलाही कळत नसे. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, “पोरी, इथे तोंडाने श्वास घेऊ नकोस. नाकानेच घे. वास येतोय तोवर माणूस शुद्धीवर आहे समज.”

वास तरी किती प्रकारचे! बाळंतपणाच्या टेबलांवरच्या रेक्झिनच्या गाद्या शिवणीवर फाटलेल्या होत्या. वरून पुसल्या की चकचकीत दिसत, पण हाताने दाबलं की शिवणीतून तपकिरी पाणी वर यायचं. हात धुवायच्या सिंकमध्ये चहाचे कप पडलेले असायचे. साबणाच्या तुकड्याला कुणाचा तरी लांब केस चिकटलेला असे, म्हणून साबणाला कुणी हातच लावत नसे. शिकाऊ डॉक्टर एका बाईला तपासायचे, बोटं पाण्याखाली धरल्यासारखी करायचे, खिडकीच्या पडद्याला पुसायचे आणि पुढच्या बाईकडे वळायचे. त्या पडद्याची खालची कड पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती.

मावशी तो पडदा दर आठवड्याला काढून उकळायच्या. मोठ्या सिस्टर वैतागायच्या. “तुझी शुद्धतेची सोंगं घरी कर. इथे बायका बाळंत व्हायला येतात, मिरवायला नाही.”

एका सकाळी बूट कारखान्यात काम करणारी एक पोर आली. वय बावीस, पहिलटकरीण. रक्त इतकं कमी की ओठ आणि गाल एकाच रंगाचे. पाणी जाऊन दीड दिवस झाला होता. सासू सोबत होती. मी विचारलं, “इतका वेळ घरी का ठेवलीत?”

“पाणी गेलं म्हणून काय झालं? कळा कुठे होत्या? आम्ही काय पोरं काढली नाहीत?” सासूने उलट मलाच झापलं.

पाणमोट फुटली की बाळाभोवतीचं कुंपण जातं. मग तासागणिक आत जंतू शिरायला वाट मोकळी होते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. तरी त्या दिवशी दुपारपर्यंत त्या पोरीला आतून आठ वेळा तपासलं गेलं. चौघांना शिकायचं होतं, दोघांना खात्री करायची होती, दोघांना आधीच्यावर भरवसा नव्हता. सहावा हात माझा होता. हातमोजा धुऊन, पावडर लावून, पुन्हा वापरात आणलेला. ती पोर प्रत्येक वेळी मान भिंतीकडे वळवायची. मावशी कोपऱ्यात उभ्या राहून बोटांवर मोजत होत्या. माझी पाळी झाल्यावर म्हणाल्या, “सहा. काय सापडलं गं आत, जे पाच जणांना दिसलं नाही?”

मी हातमोजा काढून पुन्हा धुवायला टाकला.

मुलगी झाली. बाळामागून पडायची वार लवकर सुटेना, म्हणून शिकाऊ डॉक्टरने आत हात घालून ओढून काढली. वार टोपलीत पडली तेव्हा तिची कड फाटकी दिसत होती. “पुरी आलीय का बघा,” मावशी म्हणाल्या. डॉक्टर हसला. “मावशी, आता तुम्ही वॉर्ड चालवा, मी झाडू मारतो.”

तिसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. मोठ्या सिस्टरनी कागदावर लिहिलं : दूध उतरतंय, त्याचा ताप. चौथ्या दिवशी मी मावशींबरोबर तिच्या खाटेजवळ गेले. मावशींनी पांघरूण जेमतेम उचललं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. मलाही वास आला. डबक्यात मेलेल्या माशासारखा, गोडसर, घशाला चिकटणारा. मी हात नाकाला लावला. ती पोर दोन्ही हातांनी पांघरूण आवळत पुटपुटली, “रोज अंघोळ करते हो मी.” आपलीच घाण आहे असं तिला वाटत होतं.

मावशींनी सिस्टरना सांगितलं, तर उत्तर आलं, “नाक मुरडायचा पगार मिळतो का तुला?”

दहा वाजता मोठे डॉक्टर फेरीला आले. मागे पंधरा माणसं. मावशी पुढे झाल्या आणि त्या पोरीच्या अंगाखालची कापडाची घडी त्यांनी सरळ डॉक्टरांच्या नाकासमोर धरली.

“साहेब, हे दूध आहे का, तेवढं सांगा.”

डॉक्टर एक पाऊल मागे सरले, मग त्यांनी पोरीच्या पोटावर हात ठेवला. ती किंचाळली. तासाभरात तिला शस्त्रक्रियेसाठी नेलं. आत वारेचा तुकडा कुजला होता आणि पू पोटभर पसरला होता. गर्भाशय काढावं लागलं, तेव्हा कुठे ती वाचली.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं की रुग्ण उशिरा दाखल झाली. मावशींना गैरवर्तनाबद्दल ताकीद मिळाली. अंगठा द्यायच्या जागी त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, “उशीर तिने केला. घाण आपली. ती कुठे लिहिलीत?” मोठ्या डॉक्टरांना मात्र काहीतरी लागलं असावं. त्यांनी एक गादी कापायला लावली. आतला स्पंज काळा, बुळबुळीत निघाला आणि त्यात कधीचे कापसाचे बोळे. सगळ्या गाद्या जाळल्या. सिंकमधून कप गेले, नवा साबण आला, कोण कितीदा तपासतो याची नोंद सुरू झाली. मावशींची बदली धोबीखान्यात झाली.

चार महिन्यांनी ती पोर मुलीला लस टोचायला आली आणि मावशींना शोधत धोबीखान्यात पोचली. मीही तिथे चादरी घ्यायला गेले होते. पोर हसत म्हणाली, “मावशी, पुढच्या खेपेला पाणी गेल्या गेल्या येईन. सासूचं ऐकणार नाही.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी चादरींकडे. शस्त्रक्रियेच्या संमतीच्या कागदावर सही सासूने केली होती. आम्ही इतके शिकलेले, पण गर्भाशय काढल्याचं त्या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं.

मावशींनी हात साबणाने धुतले, कोरड्या फडक्याला पुसले, तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. आठ हातही सांगितले.

पोर मुलीच्या टाळूवरून बोट फिरवत राहिली. मग तिने विचारलं, “कुणाकुणाचे?”

मी म्हणाले, “सहावा माझा.”

तिने माझ्या हातांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे नाही. मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या, आणि निघून गेली.