कोकम, जिन आणि माझा आग्रह

मंडळी, आज दुपारी माझ्या हातून एक चूक झाली. ती कशी निस्तरायची ते मला कळत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे मैत्रिणीचा मुलगा नीरज आणि सून मुग्धा जेवायला आले होते. मी माझं नेहमीचं कॉकटेल केलं: कोकम, ताजं लिंबू, जिरेपूड आणि मोजून जिन.

नीरज म्हणाला, "मावशी, मला प्लीज नुसतं कोकम सरबत दे."

"लाजतोस काय जावयासारखा? माझ्या हातचं आहे, नाही म्हणायचं नाही!"

त्यानं मुग्धाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं ग्लास संपवला. मग स्वतःहून म्हणाला, "अजून एक मिळेल?" मी खूश!

दुसरा ग्लास भरून दिला, तेवढ्यात मुग्धा स्वयंपाकघरात आली. "मावशी, अठरा महिने त्यानं थेंबही घेतला नव्हता."

पोळी वाढावी तशा आग्रहानं दारू वाढायला आपण कधी शिकलो?

निघताना नीरजनं गाडीची किल्ली मुग्धाच्या हातात दिली. मी तिला एक बाटली भरून दिली. त्यानं मागितलं होतं तेच, नुसतं कोकम सरबत.