शेकवाल्या अक्का

रस्त्यावरून कुणी खोकत चाललं की आमच्या शेजारच्या अक्का हातातलं काम टाकून दारात येत. माणूस ओळखीचा असो वा नसो, "पावणं, थांबा की जरा," म्हणून त्याला उभं करीत, पुन्हा एकदा खोकायला लावीत आणि कारण सांगून मोकळ्या होत. रात्री दही खाल्लं असेल, ओल्या डोक्याने वाऱ्यात बसला असाल, नाहीतर चुलीचा धूर छातीत गेला असेल. यातलं काही ना काही प्रत्येकाच्या हातून घडलेलं असेच. माणूस मान डोलवी आणि अक्का त्याला आत बोलावीत.

त्यांचे यजमान गुळाच्या अडतीवर होते, ते लवकर गेले. एकुलती मुलगी शांता चंदगडला दिलेली. शाहूपुरीतल्या दोन खोल्यांत अक्का एकट्या राहत. ओवा तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून छाती शेकायची त्यांची हातोटी होती, म्हणून सगळे त्यांना शेकवाल्या अक्का म्हणत.

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले आणि त्याच थंडीत सर्दीने आडवी झाले. अक्कांनी मला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, डोक्यावरून चादर घेऊन वाफ दिली, आलं घातलेली ऊन ऊन पेज पाजली. बरं कधी वाटेल, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ह्यानं सर्दी जात न्हाय पोरी. ती तिच्या दिसानं जाती. तवर तुला सोसावं म्हणून हे."

पुढच्या पावसाळ्यात शांता बाळाला घेऊन माहेरी आली. पहिलाच मुलगा, अजून बसायलाही न लागलेला. येतानाच खोकत होता. अक्कांनी त्याला उबेत ठेवलं, हलक्या हाताने शेकलं. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने दूध सोडलं. अक्कांनी मला हाक मारली, मी ओवा गरम करून देत राहिले. बाळाच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मी पुरचुंडी पुढे केली, पण अक्कांनी ती घेतली नाही. "टांगा बोलीव. हे माझ्या हातातलं न्हाय," एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. आम्ही तिघी भिंतीशी उभ्या. करण्यासारखं काहीच नव्हतं. शांता मधूनमधून पदर सावरून बाळाला पाजायला पुढे होई, नर्स तिला मागे घेई. दिवस मावळायच्या आत बाळ गेलं.

अक्कांनी डॉक्टरांना विचारलं, "माझ्या शेकानं वाईट झालं का?"

नाही म्हणाले. छातीत जंतूंनी घर केलं होतं, शेक तिथवर पोचतच नाही.

"मग कशानं झालं?"

डॉक्टर म्हणाले, "कुणाच्या तरी खोकल्यातून आलं असेल, बाई. एसटीत, बाजारात, घरात. ते सांगता येत नाही."

शांताने आईला एका शब्दाने दोष दिला नाही. परत जाताना तिने अक्कांना नीट वाकून नमस्कार केला. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं अक्का मला एकदाच बोलल्या.

त्यानंतर त्यांनी कुणाला कारण सांगितलं नाही. लोक मुलं घेऊन येतच राहिले. अक्का आधी मुलाचं अंगडं वर करून श्वास बघत बसत. पोट उडत असेल किंवा मूल दूध घेत नसेल, तर तव्याला हातही न लावता टांग्यात घालून स्वतः दवाखान्यात नेत. त्यातली कितीतरी मुलं वाचली. कुणी पाया पडू लागलं की त्या आत निघून जात.

माझी मुलगी वर्षाची असताना तापाने फणफणली. अक्का बराच वेळ तिच्या छातीकडे बघत होत्या. "रडती हाय, दूध पिती हाय. पाजत ऱ्हा, घिऊन बस," म्हणाल्या. ताप उतरेपर्यंत मात्र त्या घरी गेल्या नाहीत.

शांताला मुलगी झाली आणि तीही खोकू लागली तेव्हा त्या चंदगडला निघाल्या. मी एसटी स्टँडवर सोडायला गेले आणि परत कधी येणार, असं विचारलं.

"पोरगी खोकायची थांबली की येतो," म्हणाल्या.

चंदगडचा पाऊस आणि तिथली ओल मी पुढे एकदा जाऊन पाहिली. शांताला त्या मुलीमागे आणखी दोन मुलं झाली. अक्का काही परत आल्या नाहीत.