हौसरावांनी फिरवलेला शब्द

राहू गावचे हौसराव म्हणजे तडकाफडकी माणूस. गाय विकायची असो की सोयरीक मोडायची, चहा गार व्हायच्या आत यांचा निर्णय झालेला. वर ताठा असा, की एकदा दिलेला शब्द फिरवायचा नाही. आता असल्या माणसाच्या रानात गारपीट झाली तर काय व्हायचं?

यंदा चैत्रात गारा अशा कोसळल्या की पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पाच-सहा पानांवर आलेली मका पार झोडपून निघाली, पानांच्या नुसत्या चिंध्या. दारच्या गाईंचा उन्हाळ्याचा चारा तोच होता. बायको तुळजाबाई म्हणाली, "चार दिस दम धरा." पण दम धरतील ते हौसराव कसले? बांधावरूनच त्यांनी शिरूरकडं असलेल्या सर्जेराव मेंढपाळाला फोन लावला. "रान मोकळं सोडतो. मेंढ्या घिऊन या, चरू द्या आन् तिथंच बसवा." मेंढ्या रानात बसल्या म्हणजे लेंड्यांचं खत तरी पदरात पडेल, एवढाच हिशेब. मग जीव तुटतो म्हणून त्यांनी त्या रानाकडं पाठच फिरवली.

सर्जेराव यायच्या दिवशी सकाळी हौसराव तुळजाबाईला घेऊन कुंपणाच्या काट्या काढायला गेले आणि जागीच थबकले. फाटक्या पानांच्या मधून हिरवागार पोंगा, कोवळ्या पानांची सुरळी, वर आला होता. मक्याचं एखादंच ताट तसं असेल म्हणून पुढचं पाहिलं, तर तिथंही तेच. त्यांनी एक ताट उपटून खुरप्यानं उभं चिरलं. वाढीचा कोंब मातीखाली दडलेला, गारांना तो सापडलाच नव्हता. पांढरा, घट्ट, ताजा.

"तुळजे, मका जिती हाय!" म्हणत ते पोरागत नाचले.

तेवढ्यात ओढ्याकडनं मेंढ्यांचा धुरळा उठला. हौसराव पळत जाऊन दोन्ही हात पसरून वाटेत आडवे झाले. शब्द पाळावा तर गाई उपाशी, मोडावा तर एवढ्या लांबून आलेल्या माणसाला तोंड कसं दाखवायचं?

"सर्जेराव," ते कसंबसं म्हणाले, "मी शब्द फिरवतो. माझं चुकलं."

सर्जेरावांनी काठीवर रेलून मका न्याहाळली. "आप्पा, ह्यो पोंगा बघून मीच मेंढ्या घातल्या नसत्या. पन जनावरं कालपास्नं उपाशी हायती. त्यांना काय सांगू?"

तुळजाबाईनं पदर खोचला आणि शेजारच्या आपल्या मेथीच्या वाफ्यांभोवतीचं कुंपण बाजूला केलं. गारांनी चाळण झालेला पाला बाजारात कुणी घेणार नव्हतंच. तरी तिनं एकदा मेथीवरून हात फिरवला, मगच बाजूला झाली.

मेंढ्या तिकडं वळल्या. शेवटचं कोकरू आत गेलं तरी हौसराव मक्यापुढं हात पसरून उभेच.

"अवो, हात घ्या की खाली," तुळजाबाई म्हणाली.

हौसराव हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "असू दे," ते म्हणाले, "जरा येळ थांबतो."