पाकिटामागची बारीक अक्षरं
खोबऱ्याच्या बिस्किटांचं पाकीट फोडलं, की त्या भाजक्या गोड वासाबरोबर मला अकोल्यातल्या मोठ्या किराणा दुकानातली एक दुपार आठवते. नोकरीसाठी मी तिथे एकटीच खोली घेऊन राहत होते. दूध सोडून वर्ष झालं होतं. अमरावतीला घरी सगळे वाद घालायचे, कारण मात्र कोणी विचारलं नव्हतं. बाहेर ऊन रणरणत होतं, आत गार हवेत साबणाचा आणि मसाल्यांचा वास मिसळला होता, आणि मी एकेका पाकिटामागची बारीक अक्षरं वाचत होते. तेवढ्यात जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका म्हातारीने आपल्या हातातलं पाकीट माझ्यापुढे धरलं. "बाई, याच्यात दूध हाय का, पाह्य बरं. आमचा बुढा गेला तवा म्या काशीले दूध सोडलं." मी वाचून 'नाही' म्हटलं आणि तसंच एक पाकीट स्वतःसाठी घेतलं. "तू बी सोडलं? कोन गेलं तुयं?" मला खोटं बोलवेना. अमरावतीला घराशेजारच्या गोठ्यात मेलेल्या वासराच्या कातड्यात कुटार, म्हणजे भुसा, भरून ते गाईपुढे ठेवलं होतं आणि गाय त्याला चाटत दूध देत होती, हे मी तिला सांगितलं. म्हातारी हसली नाही. "म्हंजे वासरू गेलं तुयं," म्हणाली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेली. आता त्या दुकानात बिनदुधाच्या खाऊचा वेगळा कप्पा आहे, काही वाचावं लागत नाही. तरी मी पाकीट उलटं करून तिथे थोडा वेळ उभी राहते.